मामांचा कान आणि गोरेगावचं प्रदर्शन

मंगळवार, रात्रीची महालक्ष्मी

कोल्हापूरहून मुंबईला रात्रीच्या लक्झरी ढीगभर आहेत, पण मामांना बस लागते. म्हणून महालक्ष्मी एक्सप्रेस. गाडी सुटायच्या तासभर आधीच आम्ही शाहू महाराज टर्मिनसवर येऊन बसलो. मामांच्या हातात कापडी पिशवी. त्यात मुंबईत काळाचौकीला राहणाऱ्या त्यांच्या भावाच्या घरी द्यायला गुळाची ढेप, भडंगाचा पुडा आणि शेंगदाण्याची चटणी.

मामा म्हणजे नात्यातले मामा नव्हेत. गोकुळ शिरगावच्या आमच्या वर्कशॉपमधले ते सगळ्यांत जुने टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर. वडिलांनी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एका लेथवर काम सुरू केलं, तेव्हापासूनचे. आज आमच्याकडे १४ माणसं, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), एक सीएनसी टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारा लेथ) आणि तीन जुने लेथ आहेत. फाउंड्रीतून पंपाची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग येतात, आम्ही मशिनिंग करून देतो. चारचौघांत मामा मला ‘दादा, तुम्ही’ म्हणतात आणि दोघंच असलो की ‘पोरा, तू’.

यंदाच्या जूनमध्ये एका व्हीएमसीचा स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा दांडा, जाम झाला. बेअरिंग गेलं होतं. मशीन ९ दिवस बंद राहिलं आणि दुरुस्तीला १ लाख ८० हजार रुपये गेले. पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट खुपत होती. आमच्याकडे बेअरिंग असं न सांगता कधी गेलं नव्हतं. मामा रोज सकाळी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगावर टेकवतात, मूठ कानामागच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. ‘ह्याला आठ-पंधरा दिवसांत बघून घ्या’ असं त्यांनी म्हटलं आणि ते खोटं निघालं, असं मी लहानपणापासून पाहिलेलं नाही. जूनमध्ये मात्र ते काही बोलले नव्हते, आणि मीही त्यांना विचारलं नव्हतं.

गोरेगावला ऑटोमेशनचं मोठं प्रदर्शन भरतंय हे कळल्यावर मी ठरवलं की कंपन मोजणारे सेन्सर बघून यायचे आणि मामांना बरोबर न्यायचं. वस्तू ज्याच्या हातात जाणार, त्यानं ती आधी बघावी.

मिरज सोडून गाडीनं वेग घेतला, तसे मामा खिडकीशी सरकले. किर्लोस्करवाडीचे दिवे मागे गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या या माळावर, निवडुंग तोडून, कारखाना उभा केला. मामांच्या वडिलांकडे किर्लोस्करांचा लोखंडी नांगर होता. स्टेशन गेल्यावर त्यांनी अंधारातच हात जोडले आणि मग पांघरूण घेतलं.

बुधवार

पहाटे घाटात जाग आली. पावसाळ्यातला बोरघाट डब्याच्या दारात उभं राहून बघावा. १८६३ मध्ये खुला झालेला हा लोहमार्ग, चढ ३७ फुटांना १ फूट. मुंबईकडे जाताना तो उतार होतो, आणि एवढी जड गाडी ब्रेकवर तोलून खाली आणायची म्हणजे चढवण्याइतकंच जोखमीचं काम. मामा चाकांच्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. निदान मला तसं वाटलं.

सीएसएमटीला उतरून हार्बरच्या फलाटावर गेलो आणि लोकलनं कॉटन ग्रीन गाठलं. एकेकाळी इथल्या गोदामांत देशभरातल्या कापसाच्या गाठी येऊन पडायच्या, त्यावरून स्टेशनचं हे नाव. तिथून काळाचौकी चालत. मामांचे थोरले बंधू तिथे चाळीतल्या एका खोलीत राहतात. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. १९६७ साली ते गावाहून आले आणि गिरणीच्या विणाईखात्यात लागले. पुढे चार साचे, म्हणजे माग, चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत आण्णा होते. त्यानंतर त्यांना गिरणीचं काम परत मिळालं नाही. वीस वर्षं त्यांनी वॉचमनगिरी केली.

आण्णांना जवळजवळ ऐकू येत नाही. कानाचं यंत्र शिट्टी वाजवतं म्हणून कपाटात पडून असतं. दोघा भावांची भेट मी दारात उभा राहून पाहत होतो. मामा मोठ्यानं काही बोललेच नाहीत. त्यांनी हातानं काहीतरी विचारलं, आण्णांनी बोटांनी उत्तर दिलं आणि दोघं हसले. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “खात्यात बोललेलं ऐकू यायचं नाही ना, सगळे असेच बोलायचे. सुट्टीला गावी गेले की धाकट्यालाही शिकवायचे. तेवढं राहिलंय.” शेकडो साचे एकदम चालू, प्रत्येकात धोटा इकडून तिकडे आदळतोय, त्या आवाजात आयुष्याची पंधरा वर्षं गेलेल्या माणसांची ही भाषा. मी ती पहिल्यांदाच पाहिली.

दुपारी प्रदर्शनाला गेलो. कॉटन ग्रीनहून गोरेगावची हार्बर लोकल थेट राम मंदिर स्टेशनला सोडते, हे सांगून ठेवतो, कारण बहुतेक बाहेरगावची माणसं दादरला गाडी बदलण्याचा द्राविडी प्राणायाम करतात. वडाळ्याला गर्दी चढली, वांद्र्याला थोडी उतरली आणि अंधेरीनंतर बसायला मिळालं. राम मंदिरला पूर्वेला उतरून रिक्षा केली. मेट्रोनं येणाऱ्यांना गोरेगाव पूर्वचं स्टेशन सोयीचं पडतं.

ही जागा म्हणजे नेस्को. न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनीच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. कोविडच्या काळात याच हॉलांमध्ये खाटांच्या रांगा लागल्या होत्या. आता गालिचे, झगमगाट आणि शेकडो स्टॉल.

नावनोंदणी मी फोनवरून आधीच केली होती. मामांच्या बाबतीत एक गोष्ट मनाला लागली होती. हुद्द्यासाठी जी यादी होती, तिच्यात संचालक होता, व्यवस्थापक होता, सल्लागार होता, विद्यार्थीही होता. टर्नर, फिटर, ऑपरेटर यांतलं काहीच नव्हतं. या हॉलमधलं प्रत्येक यंत्र शेवटी ज्याच्या हाताखाली जाणार, त्याच्यासाठी यादीत एक ओळ असायला हवी होती. ‘इतर’ निवडावं लागलं. काउंटरवरच्या मुलाला विनंती केली, तर त्यानं दुसरा बिल्ला छापून दिला. त्यावर नावाखाली ठळक अक्षरांत ‘टर्नर’ होतं. मामांनी तो गळ्यात घालून शर्टाच्या घडीवर नीट बसवला.

पहिल्या हॉलमध्ये रोबोटच रोबोट होते. एक हात खोकी उचलून पॅलेटवर रचत होता आणि दुसरा चहाच्या कपाएवढा पार्ट कॅमेऱ्यासमोर फिरवून ओरखडा शोधत होता. जगातला पहिला औद्योगिक रोबोट १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. डाय-कास्टिंगचे तापलेले तुकडे उचलून ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. हे मी मामांना सांगितलं. त्यांनी हाताच्या मनगटाकडं बोट दाखवलं. “ह्यात बॅकलॅश किती आसंल?” बॅकलॅश म्हणजे गिअरच्या दातांमधला ढिलेपणा; रोबोट पाहून असा प्रश्न माझ्या डोक्यात आला नसता. स्टॉलवरच्या इंजिनिअरनं मात्र खुशीत येऊन त्यांना आतला गिअरबॉक्स कापून ठेवलेला नमुना दाखवला आणि अर्धा तास आमच्याबरोबर घालवला.

सगळीकडे असं झालं नाही. सेन्सरच्या एका मोठ्या स्टॉलवर विक्री करणाऱ्या गृहस्थांनी मशीन किती हे विचारलं आणि आकडा ऐकून माहितीपत्रक हातात देत मागच्या माणसाकडे वळले. मी समजू शकतो. तीन दिवसांत त्यांना मोठी गिऱ्हाइकं गाठायची असतात. पण या देशातलं निम्मं लोखंड आमच्यासारख्या शेडमध्येच कापलं जातं असं मला मनापासून वाटतं. माहितीपत्रक मी तिथेच टेबलावर ठेवून आलो.

गुरुवार

हा दिवस मुद्दाम मोकळा ठेवला होता. सकाळी आठलाच निघालो. पाऊस धरून होता.

आज आधी हवेचं बघायचं ठरवलं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेचं. एका स्टॉलवर आवाजाचा कॅमेरा होता. पुढच्या तबकडीत कितीतरी बारीक मायक्रोफोन बसवलेले आणि मध्ये साधा कॅमेरा. हवा दाबानं बारीक भोकातून निसटली की जो फुसफुसाट होतो, त्यातला बराचसा आवाज माणसाच्या कानापलीकडचा असतो. आपला कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. असली उपकरणं गळती शोधताना ४० किलोहर्ट्झच्या आसपास कान लावतात. पडद्यावर पाइपचं चित्र दिसत होतं आणि एका जोडावर लाल डाग हलत होता. मी तिथे कान नेला, पण हॉलच्या गोंगाटात काही कळलं नाही. बोट लावलं तेव्हा गार हवा लागली.

मग तिथल्या माणसानं गणित मांडलं. साधारण ६ बार दाबाला ३ मिलिमीटरच्या भोकातून जेवढी हवा जाते, तेवढी पुन्हा भरायला कॉम्प्रेसरला ३ किलोवॅटच्या आसपास वीज लागते. आम्ही दोन पाळ्यांत दिवसाला १६ तास, महिन्याला २६ दिवस चालतो. म्हणजे १,२४८ युनिट. आमच्या दरानं महिन्याला ११ हजार रुपये, आणि तेही एका भोकाचे. मी कॅमेऱ्याची किंमत विचारली, तर ती आमच्या आवाक्यातली नव्हती. तो गृहस्थ प्रामाणिक. म्हणाला, “साहेब, तुमच्या शेडला याची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी कॉम्प्रेसर चालू करा आणि साबणाचं पाणी घेऊन फिरा.” विकायला बसलेल्या माणसानं असं सांगितलं याचं मला फार वाटलं.

दुपारी, ज्यासाठी आलो होतो तो स्टॉल सापडला. मागच्या ओळीत, छोटासाच. तिथे इस्लामपूरची एक तरुण इंजिनिअर होती. मामांचं बोलणं ऐकताच तिनं ‘या की, बसा’ म्हणून स्टूल पुढं केलं. टेबलावर दोन सारख्या मोटरी फिरत होत्या. दोन्हींत ६२०५ नंबरचं बेअरिंग. एक नवं आणि दुसऱ्याच्या बाहेरच्या रिंगवर मुद्दाम खड्डा पाडलेला. प्रत्येक मोटरवर काडेपेटीएवढा सेन्सर चुंबकानं चिकटवलेला.

तिनं सांगितलेलं मी जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं आहे. ६२०५ मध्ये ९ छर्रे असतात. मोटर मिनिटाला १,४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. बाहेरच्या रिंगवर खड्डा असेल तर प्रत्येक छर्रा त्यावरून जाताना एक टिचकी मारतो, आणि या मापाच्या बेअरिंगला त्या टिचक्या सेकंदाला ८६ च्या आसपास येतात. म्हणून आलेखात ८६ वर सुळका दिसला की रोग कुठे आहे तेही कळतं. आतल्या रिंगला खड्डा असता तर सुळका दुसऱ्या आकड्यावर आला असता. एकूण कंपनाचंही माप ठरलेलं आहे: १५ किलोवॅटपर्यंतच्या मोटरीला सेकंदाला ०.७१ मिलिमीटरपर्यंत उत्तम, ४.५ च्या वर गेलं की मशीन थांबवा.

मामांनी मन लावून ऐकलं. मग विचारलं, “स्क्रूड्रायव्हर हाय का, लांब?”

तिनं हत्यारांच्या पेटीतून काढून दिला. मामांनी टोक पहिल्या मोटरवर टेकवलं, मूठ उजव्या कानामागे लावली आणि डोळे मिटले. मग दुसऱ्या मोटरवर. मग डाव्या कानाला लावून पुन्हा पहिल्या. बराच वेळ. ती मुलगी कौतुकानं बघत होती. मी निकालाची वाट पाहत होतो. मामांनी स्क्रूड्रायव्हर परत दिला आणि एवढंच म्हणाले, “हितं आवाज लई हाय.”

पण हाडाला टेकवलेल्या मुठीतून येणारा आवाज बाहेरच्या गोंगाटानं एवढा बुडत नाही. फाउंड्रीच्या धडधडाटात त्यांनी असं ऐकलेलं मी पाहिलं आहे. मी गप्प राहिलो.

मग कामाचं बोलणं झालं. मी दोन गोष्टींवर अडून बसलो: आकडे आमच्या शेडमध्येच दिसले पाहिजेत, आणि दरवर्षी वर्गणी भरली नाही तर यंत्र मुकं होता कामा नये. तिच्याकडे ४ ते २० मिलिअँपिअर सिग्नल देणारा साधा सेन्सर होता, आमच्या आहे त्या पॅनेलला जोडता येणारा. मामांनी विचारलं, शून्यापासून का नाही, चारपासून का? ती म्हणाली, “कंपन शून्य असलं तरी तारेतून ४ येत राहतात. तार तुटली तरच खरं शून्य येतं. म्हणजे मशीन शांत आहे की तारच मेलीय, हे ओळखता येतं.” मामांचा चेहरा उजळला. “म्हंजे गप बसलेल्यालाबी जीव हाय का न्हाई, ते कळतंय.” दोन्ही व्हीएमसी आणि कॉम्प्रेसरची मोटर यांसाठी तीन सेन्सर मी तिथेच सांगून टाकले.

संध्याकाळी राम मंदिरच्या फलाटावर पाऊस कोसळत होता. परतीची हार्बर उशिरा होती. बाकावर बसल्यावर मामा माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

“पोरा, मला दोन्ही मोटरी सारख्याच वाटल्या.”

मी काही बोललो नाही.

“दोन वर्सं झाली. बारीक आवाज ऐकू येत न्हाई. नातीचं बोलणं अर्धं कळतंय. जूनला मी रोज सकाळी त्या स्पिंडलला लावून बघत हुतो. मला वाटायचं, बरा हाय.” थोडं थांबून म्हणाले, “तुला सांगाय पायजे हुतं. सांगितलं आस्तं तर बाकीचं मला काय म्हनलं आस्तं?”

गाडी आली आणि गर्दीत आम्ही दोन टोकांना गेलो. वडाळ्यापर्यंत मला फक्त त्यांचा वर धरलेला हात दिसत होता. चाळीस वर्षं आम्ही त्या कानावर विसंबून राहिलो आणि तो राखायला एक कापसाचा बोळाही कधी दिला नाही. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांच्या पाळीला आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे आणि १०० डेसिबलला फक्त २ तास. मला हे पाठ आहे. तपासणीसाठी तक्ता भिंतीवरही लावलेला आहे. आमच्या शेडमध्ये कास्टिंग घासताना, एअरगन मारताना किती आवाज असतो, हे मी एकदाही मोजलं नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर मामा आण्णांच्या समोर बसले. आधी स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग तळहात हळूहळू खाली आणला. आण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. हातानंच विचारलं, किती वर्षं? मामांनी दोन बोटं वर केली. आण्णांनी भावाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. वहिनींनी टीव्ही बंद केला.

शुक्रवार

प्रदर्शनाला परत गेलो नाही. श्रावणातला शुक्रवार, वहिनींनी पुरणाची दिंडं केली होती. खाऊन लालबागमधून चालत निघालो. कारखान्यांतून गणपतींचं रंगकाम चाललं होतं आणि रस्त्यावर मांडवांचे बांबू उभे राहत होते.

आधी लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; तिथून पॅनेलसाठी आकडे दाखवणारे मीटर घेतले. मग नागदेवी स्ट्रीट. हत्यारं, बेअरिंग, पट्टे, साखळ्या, हार्डवेअरची ही गल्ली मामांना प्रदर्शनापेक्षा जास्त आवडली, हे मी खात्रीनं सांगतो. एका दुकानात त्यांनी मायक्रोमीटर हातात घेऊन रॅचेट फिरवून पाहिला, पुसला आणि परत ठेवला. मी तो बांधून घ्यायला सांगितला.

तिथेच कानावर घालायचे मफ घेतले, १५ नग. दुकानदारानं विचारलं, “माणसं चौदा म्हणता, पंधरावा कुणाला?” मी म्हटलं, मला.

रात्री सीएसएमटीहून महालक्ष्मी.

त्यानंतरचा सुट्टीचा दिवस

कोल्हापुरात मामांचा कान तपासून घेतला. आलेख ४,००० हर्ट्झपाशी खड्ड्यात गेलेला. डॉक्टर म्हणाले, आवाजात काम करणाऱ्यांचा असाच येतो. गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखायचं. कानाचं यंत्र बसवायचं ठरलं आहे.

सुट्टीच्या दिवशी शेड उघडली. सगळी मशीन बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू. घड्याळ लावून बसलो. कुणीही हवा वापरत नव्हतं, तरी दर ६ मिनिटांत २ मिनिटं तो लोड घेत (हवा भरत) होता. म्हणजे त्याची एक तृतीयांश ताकद नुसती गळतीत जात होती.

मामांनी बादलीत साबणाचं पाणी केलं आणि रंगाचा ब्रश घेतला. मी खडू घेतला. ते जोडावर ब्रश फिरवायचे, फुगा आला की हात वर करायचे आणि मी तिथे गोल काढायचो. दुपारपर्यंत ११ गोल झाले. बारावा त्यांच्या स्वतःच्या लेथमागे निघाला, एअरगनच्या नळीच्या क्लिपपाशी. मी दहा पावलांवर उभा होतो आणि तिथपर्यंत मला त्याची शीळ ऐकू येत होती.

मामा फुग्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि तो गोल स्वतः काढला.